उजवी पाकळी

गुरुदासला काजूचा डोंगर विकायचा होता.
दिल्लीची कुणी पार्टी, आगाऊ रक्कम घेऊन झालेली,
म्हणून मग देवीला विचारायचं ठरलं.

पुजाऱ्यानं पाकळ्या भिजवून मूर्तीला लावल्या,
गाऱ्हाणं घातलं: नाव, गोत्र, सर्व्हे नंबर.
आम्ही खांबापाशी उभी.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग डावी पडली.

पाणी जास्त झालं, गुरुदास म्हणाला.

पुढच्या गुरुवारी पाणी कमी.
पाऊण तास एकही हलेना.
म्हणजे तिची हरकत नाही, हा म्हणाला.
पुजारी म्हणाला, तसं नसतं रे.
तिसऱ्यांदा हा गेला बायकोच्या माहेरच्या देवाकडे,
आणि तिथं उजवी पडली,
गाऱ्हाणं पुरतं संपायच्याही आधी.
घरोघर पेढे आले.
मीही खाल्ला. चांगला होता.

हाच गुरुदास सोमवारी शिवराक,
श्रावणात घरात मासळीचा वास नको म्हणतो,
पण सुक्या सुंगटांची किसमूर चालते त्याला,
कारण सुकलं ते वाळवण,
पापडासारखं.
हे कुठल्या पोथीत आहे, मी विचारलं.
आजोबा खायचे, म्हणाला.

इनासीनला मी हे सगळं सांगितलं, हसत हसत,
तिच्या बाल्कांवांत बसून.
तीही हसली.
मग म्हणाली, मी कुमसाराला जाते दर महिन्याला,
पाद्रीला सगळं सांगते,
एक सोडून.
ते कुठलं, मी विचारलं नाही.
ती आत जाऊन चहा घेऊन आली.

म्हार्दोळची जाई दुपारी खुडतात,
उन्हं कलताना, कळी मिटलेली असतानाच.
उमललेली झाडावर सोडायची,
तिला बाजारभाव नाही.
संध्याकाळी केळीच्या दोरात ओवलेल्या कळ्या
गिऱ्हाइकाच्या केसांत उमलतात.

सत्यवान गेला त्याला नऊ वर्षं झाली.
बाराव्याला वेलिंगहून आलेल्या मावशीनं
माझ्या ट्रंकेतली लाल पातळं बाजूला काढली,
म्हणाली, फुलं आता देवाला तेवढी.
मी मान हलवली.
आईचा सोमवार ठेवला,
चतुर्थीची माटोळी ठेवली, तिथले कांगले कात्रे मी स्वतः शोधून आणते,
हातातला काळा दोरा ठेवला,
तो कशासाठी आहे ते मला धड ठाऊकही नाही.
आणि सहाव्या महिन्यात एका संध्याकाळी
फुलवालीसमोर उभी राहून
एक वेणी घेतली.
तिनं पानात बांधायला घेतली, देवळात न्यायची समजून.
म्हटलं, नको बांधू.

देवीला काय पडलंय त्याचं, असं मी म्हणते.
ती स्वतः बाई आहे, असं म्हणते.
लोकांनी केलेले नियम, तिचे नव्हेत.
हे सगळं मी फार ठामपणे म्हणते,
विशेषतः कुणी विचारलेलं नसताना.

काल डोंगरावर जेसीबी आला.
गुरुदास नारळ घेऊन उभा होता, कपाळाला गंध,
आणि डोळे, का कोण जाणे, ओले.
मला त्याचा राग यायला हवा होता.
आला नाही तो वेगळ्याच कारणानं.

त्यानं तीनदा विचारलं.
उत्तर ऐकलं नाही, पळवाट काढली, देव बदलला,
पण पहिल्या दोन गुरुवारी
तिला नाही म्हणायची जागा तरी दिली होती.

मी पाकळी लावलीच नाही कधी.
नऊ वर्षं त्याच देवळात जाते,
प्रदक्षिणा घालते, तीर्थ घेते,
मुलीच्या नोकरीचं विचारलं, विहिरीचं विचारलं,
गायीचंसुद्धा विचारलं एकदा.
हे तेवढं नाही.

आज पुजारी म्हणाला, काही विचारायचंय का बाय?
हातात पाण्याची वाटी घेऊन थांबला.
माझ्या डोक्यात वेणी,
नुकती उमलू लागलेली, मलाच वास येत होता.

काही नाही, म्हटलं.
आणि मूर्तीकडे न बघता
उजव्या बाजूनं बाहेर आले.