मोज्याची टाच

हेइनोला हवे होते फोटो:
निळं आकाश, पांढरे दात,
कठड्याला टेकलेलं एक तोंडदेखलं कुटुंब.
"फेरीबोटीची वेबसाइट आहे," म्हणाला, "हसरी दिसू दे."
मी खिडकीबाहेर पाहिलं.
नोव्हेंबर. बाल्टिकला भांडी विसळलेल्या पाण्याचा रंग.
आमच्या बेटावर दात फक्त डॉक्टरला दाखवतात.

तीन दिवस बोटीवरच बसले,
मांडीवर वही.
तिकिटं फाडणारी वाल्वे काढली,
गळ्यात दोरीने अडकवलेला तिचा चष्मा,
धुरी दिलेल्या माशांची पेटी,
आणि ते कुत्रं, जे कुणाचंच नाही
पण रोज विनातिकीट पलीकडे जाऊन येतं.
इंजिन धडधडायचं तशी रेघ थरथरायची.
घरी येऊन सरळ करायला घेतली
तर बोट बंद पडल्यासारखी वाटली.
मग राहू दिली.

"आज फेरी रद्द" या पानाचं काय करायचं
ते हेइनो सांगायला विसरला.
तिथे मी वाल्वेला पाठमोरी बसवलं,
हातात सुया,
सुयांवर मोज्याचा चार बोटं काठ.

डिसेंबरात वादळं आली.
एरवी अशा दिवशी कचेरीतला फोन तापायचा,
हेइनोच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.
यंदा एका बाईचा निरोप:
काल रद्द, आज रद्द,
मग मोजा तेवढाच कसा?

खरंच की.
मी दोन ओळी विणल्या. दुसऱ्या दिवशी आणखी चार.
समुद्र गोठायला लागला तेव्हा मोजा
तिच्या गुडघ्यावरून खाली लोंबला,
मग फरशीवर, मग चौकटीबाहेर.
शाळेतली पोरं वेळापत्रक सोडून
मोजा मोजू लागली.

एका सकाळी वाल्वे जिना चढून आली.
चष्मा नाकावर, म्हणजे प्रकरण गंभीर.
"मी जन्मात सुई धरलेली नाही.
धक्क्यावर जो तो विचारतो, कुणासाठी विणतेस?
काय सांगू?"
पुसून टाकते, मी म्हटलं.
ती गप्प. दारात कुत्रं.
"पुसू नकोस. लोकर कुठली घ्यायची, तेवढं सांग."

एप्रिल. बोटी वेळेवर.
तिकीटखिडकीत वाल्वे टाके पुटपुटत बसते
आणि सुटे पैसे चुकवते.
पहिला मोजा झालाय, राखाडी.
टाच भलतीकडेच निघाली आहे,
घोट्याला कान फुटावा तशी.

तो टेबलावर समोर ठेवून
मी वेबसाइटवरचा मोजा
दुरुस्त करते आहे.