तिसरी शिडी

सनीवेल, चौऱ्याऐंशीचा उन्हाळा.
आर्केडमधला आडदांड बंबवाला
चार किलोबाइटांत कोंबायचा होता.
लोरेनने आधी त्याच्या मिशा उतरवल्या,
मग धूर,
मग खिडकीतलं मांजर.
मांजरासाठी दोन रात्री स्वतःशीच भांडली.

तिसऱ्या शिडीवरून तो आरपार पडायचा.
सोमवारी बघू, म्हणाली.

सोमवारी कंपनीला कुलूप.

चिप राहिली बटणांच्या डब्यात,
पाठीवर चिकटपट्टी, तिच्याच अक्षरात:
जवळजवळ.

काल शेजारच्या टोबायसने
ती जुन्या यंत्राच्या खाचेत बसवली.
बंबवाला चढला. पहिली. दुसरी.
पडला.
पोरगं हळहळलं.

लोरेन चष्मा शोधत होती,
एकाहत्तराव्या वर्षी कानामागे पेन्सिल.
"एकच बाइट चुकलाय रे,"
आणि जरा थांबून,
"मांजरही मावलं असतं."