चिंचेचं पाणी

पारोळ्याच्या बाजारात, लोटनच्या भंगारात,
गंजल्या बिजागऱ्यांखाली सापडलं. साठ रुपये.
घासाघीस केली नाही मी,
आवाज कापला असता.

रात्रभर चिंचेच्या पाण्यात.
सकाळी लख्ख. अर्धं बुऱ्हाणपूर,
उरलेलं ठशाबाहेर गेलेलं.

मिश्रीलालजींनी काट्यावर ठेवलं,
अकरा ग्रॅमला जरासं कमी.
भिंगातून नाणं पाहिलं, मग भिंगाशिवाय मला.
"कितलामा लिधं?"
सांगितलं.
"खरं शे. पन घसं कोनी?"

नुसत्या चांदीचा भाव देतो म्हणाले,
म्हणजे साठाचे हजारावर.
फायदाच की.

मी नाणं परत खिशात टाकलं.
कुणाकुणाच्या बोटांचा तो काळा थर
मीच मोरीत सोडला होता,
चोथ्यासकट.
बायको म्हणालीही होती,
छान निघालं हो.