तळटीप

तार्तू. डिसेंबर. ग्रंथालय रिकामं होत आलंय.
तिसऱ्या प्रकरणाच्या समासात
मार्गदर्शक बाईंची पेन्सिल:
‘अनिर्धारित नागरिक’ — व्याख्या द्या.

जान्ना नार्वाला फोन लावते.
बाबा लॅम्प्री मासे साफ करतोय,
फोन कान आणि खांद्याच्या मध्ये.

व्याख्या? लिही मग.
सूतगिरणीत एकतीस वर्षं.
डाव्या हाताची दोन बोटं
तिथली कायमची रहिवासी.
पासपोर्ट राखाडी.
नदीपलीकडे बहीण,
तिच्या खिडकीत दिवा लागला
की मी माझा लावतो.
आणि हे बघ, मीठ संपलंय,
शनिवारी येताना आण.

ती लिहिते, खोडते.
बाई ‘संदर्भ कुठे?’ विचारणारच.
पहाटे कधीतरी पानाच्या तळाशी, बारीक टायपात:

४७. मौखिक स्रोत.
नाव छापायला हरकत नाही म्हणाला.
गेन्नादी येफिमोविच,
मु. पो. नार्वा.