प्रदेशनिष्ठ

पाकिटाच्या पाठीवर बाबांनी झाडाचं लॅटिन नाव
देवनागरीत लिहून ठेवलंय, स्पेलिंगची भानगड नको म्हणून.
खाली एकच शब्द: प्रदेशनिष्ठ.
म्हणजे दक्षिणेतल्या त्या एका डोंगराशिवाय
कुठेच नाही.

तिथला फॉरेस्ट गार्ड बाबांना कधी भेटला नव्हता.
त्याचं फाटलेलं पार्सल एकदा नागपूर स्टेशनात,
रात्रपाळीला, बाबांनी सुतळीनं शिवून पुढे धाडलं.
त्याबद्दल हे बी आलं,
तपकिरीसारखं, चिमूटभर.

इतवारीतली आमची गच्ची. मे महिन्यात
चप्पल चिकटते.
कुंडीला काळी माती चालत नाही,
नळाचं पाणी चालत नाही.
"त्याले चुना सोसत नाही," बाबा सांगतात
आणि तंबाखूवर डबीतला चुना घेतात.
"मले सोसते."

मी सीताबर्डीला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला.
एसीच्या नळीखाली डबकी लावते.
दिवसाचं दोन लिटर, बिनचुन्याचं,
स्कूटीवर पायाशी हिंदकळत घरी आणते.
डॉक्टर धकाते विचारतात, बॅटरीत घालतेस काय?
मी हो म्हणते.
खरं सांगायला जास्त वेळ लागला असता.

अकरा वर्षं.
गुडघ्याएवढं झालं नि थांबलं.
चामड्यासारखी पानं, मागून गंजकी लव.
हेडाऊकाका कठड्यावरून म्हणाले,
"येवढ्यात लिंबं खाल्ले असते, पौनीकर."
बाबा म्हणाले, "लिंबू कोठीबी येते."

मग एका डिसेंबरात पारा पाचावर आला
आणि शेंड्याला कळी.
चिकट खवल्यांची, बोराएवढी.
बाबा कानटोपी घालून समोर खुर्ची टाकून बसले,
सहा तास लेट गाडीची मेलबॅग घ्यायला बसावं तसे.
रोज.

संक्रांतीला कुठल्याशा गच्चीवर
पोट्टे ओरडले, ओ काट!
कटलेला पतंग आमच्यावरून गेला,
मागून मांजा.
देठ इतका सफाईनं तुटला
की कळी क्षणभर जागेवरच राहिली.

बाबा काही बोलले नाहीत.
दाढीच्या ब्लेडनं ती उभी चिरली.
आत पाकळ्या होत्या, चुरगळून बसलेल्या,
लाल.
पाकिटात घातल्या, गार्डचा जुना पत्ता टाकला,
तिकीट जरा जास्तीचंच लावलं.

पाकीट परत आलेलं नाही.
म्हणजे पोचलं, असं बाबांचं म्हणणं.
सॉर्टिंगची सगळी आयुष्यभराची माहिती त्यांना आहे,
मी वाद घालत नाही.

रविवारी दवाखाना बंद. पाणी नाही.
झाड तसंच राहतं दिवसभर,
आणि बाबा चुन्याची डबी उघडतात,
बघतात,
मिटून ठेवतात.