हर्णैचे काका, मुठेकाठी

मोतीबिंदू काढून चौथा दिवस.
डॉक्टर म्हणाल्या, थोडं चालवा, ऊन टाळा,
वाकू मात्र देऊ नका.
म्हणून मावशीचे यजमान, पद्माकर पावशे,
डोळ्यांवर हिरवा चष्मा, गळ्यात माझा मफलर,
सकाळी सातला लकडी पुलावर उभे.

'ह्याच्यात लाकूड कुठाय?'
नाही, म्हटलं. नावात आहे.
'आनि पानी?'
मी खाली बोट दाखवलं.
त्यांनी चष्मा किंचित उचलला, परत ठेवला.
चाळीस वर्षं होडी हाकलेला माणूस,
काही बोलला नाही.
पाहुणचारात मीठ कमी पडलं तरी
गुमान जेवावं, तसा.

सावकाश निघालो.
भिडे पुलाशी मी सांगितलं,
खडकवासल्यातून पाणी सोडलं की हा बुडतो,
आणि आम्ही वरच्या पुलावर जमून
बुडाला का ते बघतो.
छत्र्या घेऊन. पोरं खांद्यावर घेऊन.
'बुडालेलं बघाया येता?'
आणि हसू लागले,
डोळ्याला ताण नको म्हणून
अर्ध्याच चेहऱ्याने.

झेड पुलावर एवढ्या सकाळीही एक जोडपं,
तोंड नदीकडे, पाठ जगाकडे.
काका पाय न वाजवता कडेने गेले,
वाळत घातलेल्या जाळ्यावर
पाऊल पडू नये म्हणून
किनाऱ्यावर चालतात तसे.

ओंकारेश्वराच्या पायऱ्यांवर बसलो.
समोर चिखलात शेकाट्या,
गुलाबी काटक्यांवर उभा, टोचत, टोचत.
किती देखणा आहे ना, मी म्हटलं.
(पुण्याची बाजू कुणीतरी घ्यायलाच हवी.)
'देखना हाय. पन तो काय खातोय ते बघ.'

मग नवा पूल, शंभरी उलटलेला.
ह्या वेळी त्यांनी नावाचं विचारलं नाही.
'आमच्याकडं पन एक नवी जेटी हाय,
माझ्या बापाच्या वेळची.'
तिथून पुढे जरा जमलं आमचं.

डेंगळे पुलाखाली एक पोरगा
चिलापीसाठी गळ टाकून बसलेला,
सोहेल नाव, दहाला भांड्यांच्या दुकानात जायचं,
आणि गाठ सारखी सुटत होती.
काकांना वाकायची बंदी,
तर पोरानेच दोरी त्यांच्या छातीशी आणून धरली.
त्यांनी दोन्ही डोळे मिटले
आणि बोटांनी बांधली.
एकदा ओढून पाहिली. पुन्हा ओढली.
'आता मासा सुटंल, गाठ नाय.'

संगमावर ऊन आलं. तरी थांबलो.
'ही कुठं उतरते? दाभोळला?'
नाही काका. ही भीमेला, भीमा कृष्णेला,
कृष्णा पार तिकडे, पूर्वेच्या समुद्राला.
'निघते आमच्या अंगाला, सह्याद्रीत.'
हो.
'आनि जाते तिकडं.'
हो.
घरातल्या मुलीचं लग्न झाल्याचं
वर्षाने कळावं, तसे ते कठड्याला धरून उभे.

खालून जलपर्णी जात होती,
झेंडूच्या माळा, एक डाव्या पायाची चप्पल,
काच नसलेली तसबीर, कुठल्या देवाची
ते वरून कळेना.

'तिकडं कोळी असतील ना?'
असतील की.
'त्यांच्या जाळ्यात जातं हे?'

मध्ये धरणं आहेत, मी म्हटलं.
एवढंच सुचलं.

परतताना त्यांनी दहाचे चणे घेतले,
मला अर्धे दिले, मोजून.
पुडी रिकामी झाल्यावर कठड्याशी थबकले,
मग तिची चौकोनी घडी घालून
सदऱ्याच्या खिशात ठेवली.

शुक्रवारी ती मला धुण्यात सापडली.
सदरा सगळा शाईचा,
कुणाच्या तरी सहामाहीच्या गणिताचे
निळे आकडे
बादलीत पोहत होते.
मावशीला अजून सांगितलेलं नाही.