उशिरा आलेलं हसू

ताम्पेरे, ट्राम डेपोवरची तिसरी खोली.
फेब्रुवारी. मी फक्त गुण लिहिते,
बोलणं माझ्या कामात बसत नाही.

सकाळी आर्नी सालमेला.
वेइक्कोनं विचारलं, मधली दोन वर्षं कुठे होता?
"थांब्यावर," तो म्हणाला, "ट्रामची वाट बघत."
वेइक्को असा हसला की चष्मा काढून पुसावा लागला,
मग कॉफी आली, न मागता, दालचिनीच्या पावासकट.
मी लिहिलं: आत्मविश्वास, पाच.

जेवणानंतर हेन्रिका पायु.
ओल्या बुटांचे ठसे दारापासून खुर्चीपर्यंत.
तोच प्रश्न, तितकीच दोन वर्षं.
तिनं खिडकीतून रुळांकडे पाहिलं.
"मी वेळेवर होते," म्हणाली, "तुमचीच आली नाही."

हीटरची नळी तेवढी कुरकुरली.
वेइक्कोनं कागद उलटला. मागची बाजू कोरी,
तरी बराच वेळ वाचत राहिला.
ओठांशी आलेलं मी
पेनाच्या टोपणासारखं दातांत धरलं.
"लिही," तो म्हणाला, "गांभीर्य कमी."
मी लिहिलं: दोन.
माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

संध्याकाळी थांब्यावर उणे एकोणीस.
पाटीवर चार मिनिटं, मग नऊ, मग नुसती रेघ.
आणि मला हसू फुटलं,
एवढं, की शेजारचे आजोबा
कुत्र्याला घेऊन दोन पावलं सरकले.
मफलरवर श्वासाचा बर्फ झाला.
ट्राम आली तेव्हा
मी अजून हसतच होते,
आणि चढले नाही.